दोन एसएमपीएस, दोन फेज

सोमवार, २ जून

कॉलेजच्या एआय लॅबसाठी मागवलेला सर्व्हर आज आला. चौघांनी धरून सर्व्हर खोलीत ठेवला. मागच्या बाजूला दोन एसएमपीएस, प्रत्येकी २००० वॅटचे. सर्व्हरला पूर्ण भारावर लागणार १८०० वॅट. म्हणजे एक बंद पडला तरी दुसरा एकट्याने सगळं निभावून नेणार. अशा मशीनचा मोठेपणा त्यातच आहे.

केबल लावायची वेळ आली आणि वाद सुरू झाला. खोलीतल्या डीबीत, म्हणजे वीज वाटणाऱ्या बोर्डात, आर, वाय आणि बी असे तिन्ही फेज आहेत. डाव्या भिंतीवरचे सॉकेट आर फेजवर, उजव्या भिंतीवरचे वाय फेजवर. मी म्हटलं, एक केबल इकडे, एक तिकडे. हार्डवेअर सांभाळणारे सहकारी लगेच म्हणाले, "मॅडम, नको. दोन फेज एका मशीनमध्ये आले तर भडका उडेल."

ही भीती मी कितीतरी वर्षं ऐकत आले आहे आणि तिला आधार आहे. दोन फेजच्या तारा एकमेकींना लागल्या तर भडका उडतोच. पण सर्व्हरच्या आत त्या एकमेकींना लागतात का, हे बघायला हवं. नुसतं तोंडाने सांगून कुणाची भीती जात नाही. उद्या भंगारातला एक एसएमपीएस मुलांसमोर खोलायचा. तोवर सर्व्हरला वीज नाही.

मंगळवार, ३ जून

जुना एसएमपीएस टेबलावर घेतला. मुलं स्क्रू ड्रायव्हर घेऊन तयारच होती. त्यांना आधी थांबवलं. आतला मोठा कपॅसिटर ३०० ते ४०० व्होल्ट धरून ठेवतो आणि केबल काढल्यावरही तो भरलेला असू शकतो. रेझिस्टर लावून तो रिकामा केला, मीटरवर शून्य दाखवला, मगच बोटं आत घातली.

वाट क्रमाने दाखवली. केबलमधून येणारी वीज आधी फिल्टरमधून जाते. मग ब्रिज रेक्टिफायर. इथे एसीचा डीसी होतो आणि फेज या गोष्टीला पुढे काही अर्थच उरत नाही. पुढचं सर्किट तो डीसी चढवून साधारण ३८० ते ४०० व्होल्टवर नेतं. ट्रान्झिस्टर तो सेकंदाला हजारो वेळा तोडतात आणि ती तुकड्यातुकड्यांची वीज पिवळ्या टेपमध्ये गुंडाळलेल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरते. ट्रान्सफॉर्मरखाली बोर्ड उलटा करून मुलांना दाखवला. तांब्याच्या पट्ट्या दोन्ही बाजूंना थांबतात आणि मधे काही मिलिमीटरचा मोकळा पट्टा आहे. काही ठिकाणी तर बोर्डच कापून खाच पाडली आहे. पट्ट्याच्या एका बाजूला भिंतीतली वीज, दुसऱ्या बाजूला १२ व्होल्ट. या पट्ट्यावरून एकही तार जात नाही. व्होल्टेज किती झालं हा निरोपसुद्धा पलीकडून अलीकडे प्रकाशाने येतो, ऑप्टोकपलरमधून.

एका विद्यार्थिनीने नेमकं विचारलं, "मॅडम, आर आणि वायची लाट एका वेळी शून्यावर येत नाही. मग पुढे दोघांचं जुळतं कसं?" ५० हर्ट्झला एक लाट २० मिलिसेकंदांची. दोन फेजमध्ये १२० अंशांचं अंतर, म्हणजे साधारण ६.७ मिलिसेकंद. पण दोघांनी आपापल्या घरात एसीचा डीसी करून टाकला की जुळवायचं काही राहत नाही. सर्व्हरमध्ये जे एकत्र येतं ते दोन्हीकडचं १२ व्होल्ट. तिथेही प्रत्येक एसएमपीएसच्या तोंडाशी डायोडचं काम करणारा मॉसफेट असतो, म्हणजे एक आजारी पडला तर दुसऱ्याची वीज त्याच्यात उलटी शिरत नाही.

सहकाऱ्यांचं समाधान झालं. सर्व्हरच्या आत दोन फेज भेटत नाहीत. दोन एसएमपीएसचे सर्व्हर बनवणाऱ्यांनी दोन वेगळ्या लाइनी गृहीत धरूनच ते बनवलेले असतात.

आता खोलीतलं बघायचं. खरी जोखीम भिंतीत आहे.

गुरुवार, ५ जून

वायरमन काका आले. परवानाधारक तारतंत्री, या इमारतीचं जवळपास सगळं वायरिंग त्यांच्या हातचं. त्यांनी आधी मीटर लावून दाखवलं. आर ते न्यूट्रल २३२. वाय ते न्यूट्रल २३३. मग एक टोक डाव्या सॉकेटच्या फेजमध्ये, दुसरं लांब वायरने उजव्या सॉकेटच्या फेजमध्ये. ४०२.

मुलांना हिशोब माहीत असतो, २३० गुणिले तीनचं वर्गमूळ. पण आकडा पडद्यावर दिसल्यावर खोली गप्प झाली. रॅकच्या मागे उभ्या माणसाच्या दोन हातांच्या अंतरात आता ४०० व्होल्ट आहेत.

काकांच्या पिशवीत जुना टेस्ट लॅम्प आहे, दोन दिवे सिरीजमध्ये जोडलेले. ते म्हणाले, "एकटा दिवा दोन फेजमध्ये धरला तर तो फुटतो, आणि धरणाऱ्याचं तोंड समोरच असतं. म्हणून दोन." आता त्यांच्याकडे चांगला मीटरही आहे आणि तोच वापरावा असा माझा आग्रह आहे. तरी त्या दोन दिव्यांमागची समज मुलांनी ऐकावी म्हणून मी ती इथे लिहून ठेवते.

काकांची जुनी शिस्त: एका बोर्डात एकच फेज. त्यांनी सुचवलं तसंच करायचं ठरलं. आरचा बोर्ड रॅकच्या डाव्या बाजूला, वायचा उजव्या बाजूला, एका फटीतून दोघांच्या तारा न्यायच्या नाहीत. आरच्या केबलला लाल पट्टी, वायच्या केबलला पिवळी. दोन्ही टोकांना, कारण गुंता नेहमी मधे होतो. डीबीवरही तीच नावं. रॅकच्या मागच्या दारावर मराठीत पाटी, कवटी आणि हाडांच्या चित्रासकट: "धोका. ४०० व्होल्ट. आत दोन वेगळे फेज आहेत." २५० व्होल्टच्या वरच्या यंत्रणेला स्थानिक भाषेत धोक्याची सूचना लावावी असा नियमच आहे. नियम नसता तरी लावली असती.

शनिवार, ७ जून

आजचा दिवस न्यूट्रलचा. फेजला सगळे घाबरतात, न्यूट्रलकडे कुणी बघत नाही. माझ्या मते दोन फेजच्या जोडणीत सर्वांत जपायची तार न्यूट्रल आहे.

काही ठिकाणी वायर वाचवायला दोन फेजना मिळून एकच न्यूट्रल ओढतात. तो जागेवर आहे तोवर सगळं छान चालतं. तो लगमधून सैल होऊन सुटला की काय होतं, ते फळ्यावर मांडलं. आरवर १००० वॅटचा भार, वायवर २५० वॅटचा, दोघांचा न्यूट्रल एकच. तो तुटला की दोन्ही भार ४०० व्होल्टच्या मधे एकामागे एक जोडले जातात. ज्याचा रेझिस्टन्स जास्त त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज. हिशोब केला तर १००० वॅटवाल्याला ८० व्होल्ट मिळतात आणि २५० वॅटवाल्याला ३२०. एमसीबी पडत नाही, कारण करंट तो पडण्याइतका वाढलेलाच नसतो.

बहुतेक एसएमपीएस साधारण २६४ व्होल्टपर्यंत तग धरतात. ३२० व्होल्टची लाट शिखरावर ४५० च्या वर जाते. आतल्या कपॅसिटरची मर्यादा बहुधा ४०० किंवा ४५० व्होल्ट. मोठा आवाज, धूर, आणि आळीतले टीव्ही एका रात्रीत जळाल्याची जी गोष्ट प्रत्येक गावात सांगतात ती याच कारणाने.

म्हणून ठरलं: प्रत्येक फेजला डीबीपासून स्वतःचा न्यूट्रल, फेजच्याच जाडीचा. प्रत्येक लाइनीला डबल पोल एमसीबी, म्हणजे बंद केल्यावर फेज आणि न्यूट्रल दोन्ही सुटतात. न्यूट्रल बारवरचा प्रत्येक लग काकांनी पाना लावून आवळला आणि वर खुणेचा ठिपका दिला. ठिपका सरकला तर लग सैल झाला हे पुढच्या तपासणीत दिसेल.

आणखी एक काळजी. दोन लाइनींवर दोन वेगळे आरसीसीबी असतील तर फेज एकातून आणि न्यूट्रल दुसऱ्यातून जाता कामा नये. आरसीसीबी जाणारा आणि येणारा करंट तोलून बघतो. न्यूट्रलांची अदलाबदल झाली की भार पडताच तो पडतो आणि बिचारे लोक तो खराब आहे म्हणून काढून टाकतात. काढायची असते ती चूक, आरसीसीबी नव्हे.

मंगळवार, १० जून

अर्थिंग. न्यूट्रल दोन, फेज दोन, पण अर्थ एकच. दोन्ही केबलचा अर्थ पिन सर्व्हरच्या पत्र्याला जोडलेला असतो. दोन बोर्डांचे अर्थ वेगळ्या खड्ड्यांकडे गेले आणि त्या दोन खड्ड्यांत थोडा जरी फरक असला तर त्या फरकाचा करंट सर्व्हरच्या पत्र्यातून वाहतो, नेटवर्कच्या केबललाही त्याचा उपद्रव होतो. काकांनी दोन्ही बोर्डांचे अर्थ एकाच तांब्याच्या पट्टीवर आणले.

एसएमपीएसच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर थोडी वीज कायम अर्थकडे सोडत असतात. अशा उपकरणाला साधारण ३.५ मिलिअँपिअरपर्यंत ते चालतं. दोन्ही एसएमपीएस एकाच फेजवर असले तर ही गळती सरळ दुप्पट होते. दोन वेगळ्या फेजवर असले तर दोन्ही गळत्यांमध्ये १२० अंशांचं अंतर पडतं आणि बेरीज एकाच्याच बरोबरीची येते. म्हणून अर्थ ढिला ठेवून चालेल असं मात्र नाही. अर्थ सुटलेला असला तर सर्व्हरच्या पत्र्यावर शंभराच्या आसपास व्होल्ट दिसू शकतात आणि हात लावणाऱ्याला झिणझिण्या येतात. तीन पिनी प्लगला दोन पिनी अडॅप्टर लावून काम भागवणं या खोलीत बंद.

अशी बरीच उपकरणं ३० मिलिअँपिअरच्या एकाच आरसीसीबीवर घातली तर थेंबे थेंबे गळती साठून तो विनाकारण पडतो. त्यासाठीही लाइनी वेगळ्या असलेल्या बऱ्या.

शुक्रवार, १३ जून

भाराचा हिशोब. १८०० वॅट द्यायला एसएमपीएस भिंतीतून साधारण १९०० वॅट घेणार. २३० व्होल्टला ८.३ अँपिअर. दोन्ही चालू असताना भार निम्मा निम्मा वाटला जातो, म्हणजे प्रत्येकी सव्वाचार अँपिअरच्या आत.

इथे एक सापळा आहे. सव्वाचार अँपिअर ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर आरामात चालतात. महिनोन् महिने काही बिघडत नाही, प्लग कोमटही होत नाही. ज्या दिवशी दुसरी लाइन जाते त्या दिवशी त्याच सॉकेटवर ८.३ अँपिअर येतात आणि प्लग वितळायला लागतो. ज्या क्षणासाठी दुसरा एसएमपीएस घेतला त्याच क्षणी तो दगा देतो. म्हणून प्रत्येक लाइन पूर्ण भाराची. १६ अँपिअरचे सॉकेट, १६ अँपिअरचा सी कर्व्ह एमसीबी, कारण चालू करताना कपॅसिटर क्षणभर मोठा करंट ओढतात.

रॅकसाठी नियम लिहून ठेवला: १६ च्या ऐंशी टक्के म्हणजे १२.८ अँपिअर. आर आणि वाय या दोन्ही लाइनींची बेरीज यापेक्षा वर जाता कामा नये. रोज प्रत्येक लाइन ६.४ च्या आत असली तरच एक गेल्यावर दुसरी टिकेल. क्लॅम्प मीटरने दर महिन्याला बघायचं.

आणखी एक ठरलं. आरची लाइन यूपीएसमधून, वायची थेट. प्राचार्यांनी विचारलं, दोन फेज असताना यूपीएस कशाला? मी म्हटलं, सर, दोन फेज म्हणजे दोन वीजपुरवठे नव्हेत. ट्रान्सफॉर्मर एक, खांब एक, मुख्य न्यूट्रल एक. त्यांनी मंजुरी दिली.

बुधवार, १८ जून

प्राचार्यांना सांगितलं होतं, संध्याकाळी तेच झालं. कॉरिडॉरचे दिवे लख्ख, म्हणून कुणाला काही कळलं नाही. सर्व्हर खोलीत मात्र यूपीएस ओरडत होता आणि सर्व्हरच्या उजव्या एसएमपीएसचा हिरवा दिवा विझलेला. डीबीवर मीटर लावला. आर १२१. वाय १०८. बी २२९.

लाइनमन दादांनी येऊन सांगितलं, ट्रान्सफॉर्मरचा एक डीओ, म्हणजे ड्रॉपआउट फ्यूज, उडाला आहे. मुलांना थांबवून तिथल्या तिथे कारण सांगितलं. ट्रान्सफॉर्मरची ११ हजार व्होल्टची बाजू डेल्टा असते, आपली बाजू स्टार. वरचा एक फेज गेला की डेल्टातल्या एका वाइंडिंगला पूर्ण व्होल्टेज मिळतं आणि उरलेली दोन एकामागे एक येऊन तेवढंच व्होल्टेज वाटून घेतात. म्हणून खाली एक फेज पूर्ण, दोन अर्धे. १२१ आणि १०८ ची बेरीज २२९, अगदी बीएवढी.

आमचे दोन्ही फेज नेमके अर्ध्यातले निघाले. हा एसएमपीएस २०० ते २४० व्होल्टचा. १०८ वर त्याने स्वतःला बंद केलं, योग्यच केलं. १०० पासून २४० पर्यंत चालणारे असतात ते बंद पडत नाहीत, पण तेवढ्याच कामाला दुप्पट करंट ओढतात आणि मोठ्या क्षमतेचे बरेच एसएमपीएस कमी व्होल्टेजला पूर्ण वॅट देतही नाहीत. दोन्ही केबल थेट भिंतीत असत्या तर सर्व्हर आज पडला असता. डावा एसएमपीएस यूपीएसच्या बॅटरीवर तगला, जनरेटर सुरू झाला, काम थांबलं नाही.

सोमवार, २३ जून

एका माजी विद्यार्थ्याचा फोन. त्याने घरी दोन मोठी ग्राफिक्स कार्डं असलेलं मशीन जोडलंय. एका एसएमपीएसने भागत नाही म्हणून दोन साधे लावले आहेत. घरी थ्री फेज कनेक्शन. "मॅडम, तुमच्यासारखे दोन फेजवर टाकू का?"

नको म्हटलं, आणि कारण सविस्तर सांगितलं. आमच्या सर्व्हरमधला दुसरा एसएमपीएस राखीव आहे. एक गेला तरी चालतं. त्याच्या मशीनमध्ये दोन्ही मिळून भार पेलतात, एक गेला की मशीन अर्धवट जिवंत राहतं: मदरबोर्ड चालू आणि कार्ड उपाशी, किंवा उलटं. तिथे दोन फेज घेतले तर बंद पडायच्या वाटा दोन होतात आणि फायदा शून्य. शिवाय टेबलाखाली ४०० व्होल्ट, जिथे घरातली मुलं केबल ओढतात.

आपल्याकडे १६ अँपिअरच्या एका लाइनीवर २३० व्होल्टला ३६८० वॅट मिळतात, ऐंशी टक्के धरले तरी २९०० च्या वर. त्याला तेवढे पुरेत. अमेरिकेत १२० व्होल्टच्या १५ अँपिअर सॉकेटवर १८०० वॅटच मिळतात, म्हणून तिकडच्या लोकांना दुसरी लाइन शोधावी लागते. तो सल्ला आपण जसाच्या तसा उचलायचं कारण नाही.

त्याला सांगितलेलं थोडक्यात: दोन्ही एसएमपीएस एकाच फेजवर, एकाच १६ अँपिअर लाइनीवर. दोघांच्या काळ्या तारा, म्हणजे डीसी ग्राउंड, एकमेकींना पक्क्या जोडलेल्या. दुसरा एसएमपीएस पहिल्याबरोबरच सुरू व्हावा, त्यासाठी २४ पिनी कनेक्टरमधल्या हिरव्या तारेचा जोड तयार अडॅप्टरने करायचा. एका कार्डाचे सगळे पॉवर कनेक्टर एकाच एसएमपीएसचे. आणि दोघांच्या १२ व्होल्टच्या पिवळ्या तारा कधीही एकत्र जोडायच्या नाहीत, कारण साध्या एसएमपीएसमध्ये भार वाटून घेण्याची सोय नसते. त्याहून चांगलं म्हणजे दोन्ही विकून पुरेशा वॅटचा एकच घे. त्याला शेवटचं पटलं.

शुक्रवार, २७ जून

आज चाचणी. पूर्ण भार देऊन आरची केबल काढली. सर्व्हर चालू, वायच्या लाइनीवर क्लॅम्प मीटर ८.१. अर्धा तास तसंच ठेवून काकांनी प्लग आणि सॉकेट हाताच्या पाठीने चाचपले, गरम नाहीत. आर परत लावली, वाय काढली. तसंच.

एक केबल असलेला नेटवर्क स्विच राहिला होता. त्याच्यासाठी रॅकमध्ये बसणारा ट्रान्सफर स्विच घेतला, आधी तोडून मग जोडणारा. क्षणभरही दोन फेज एकत्र जोडणारा कुठलाही स्विच इथे चालणार नाही. मधली वेळ दहा-वीस मिलिसेकंदांच्या आत असली तर उपकरण ती सहन करतं.

संध्याकाळी लॅबच्या सगळ्यांना शेवटचा धडा दिला. या सर्व्हरचा एक एमसीबी पाडला म्हणजे सर्व्हर मेला असं समजू नका. दुसऱ्या बाजूने तो पूर्ण जिवंत असतो. उघडायचा असेल तर दोन्ही केबल काढा, दोन्ही प्लग डोळ्यांसमोर ठेवा, मीटरने बघा, मग हात घाला.

दोन फेजवर दोन एसएमपीएस चालवणं सुरक्षित आहे. अट एवढीच की प्रत्येक एसएमपीएस एकटा पुरेसा असावा, प्रत्येक फेजला स्वतःचा न्यूट्रल असावा, अर्थ एक आणि पक्का असावा आणि जोडणी परवानाधारक वायरमनने केलेली असावी. अर्थ पक्का नसेल तर सर्व्हर चालूच करू नका. बाकीची एक जरी गोष्ट तुमच्याकडे नसेल तर आज दोन्ही केबल एकाच फेजवर ठेवा आणि उद्या वायरमनला बोलवा.